अनवाणी बूट

बुटाच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न नंबरचा असतो. सात की आठ? आपण आकडा सांगतो, दुकानदार खोकं उघडतो, आपण पाय आत ढकलतो, पुढचं टोक बोटाने दाबून पाहतो आणि "थोडा घट्ट वाटतोय, पण वापरून सैल होईल" असं स्वतःलाच समजावून पैसे देतो. या सगळ्या व्यवहारात पायाकडे मात्र कुणीच पाहत नाही. नंबर म्हणजे फक्त लांबी. पायाला रुंदी असते, चवड्याची उंची असते, बोटांचा पसारा असतो. एकाच माणसाचे दोन पायसुद्धा पुष्कळदा सारखे नसतात.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गेली बारा वर्षं शिकवतो. बी.एड.ला असताना मुलाचं मन, मुलाची बुद्धी, मुलाची भाषा यांवर भरपूर वाचलं. मुलाच्या पायावर एखादी ओळ वाचल्याचं आठवत नाही. पायांकडे आमचं लक्ष गेलं ते एका बुटाच्या जोडीमुळे.

आमचा मामेभाऊ लंडनला असतो. कोकणातल्या आमच्या घरांतून कुणी ना कुणी बाहेर असतंच. कुणी कुवेतला, कुणी दक्षिण आफ्रिकेला, कुणी विलायतेला. हा सुट्टीच्या दिवशी तिकडच्या डोंगरांत पायी हिंडतो. आम्ही दरवर्षी मुलांना घेऊन एखाद्या किल्ल्यावर जातो हे त्याला ठाऊक. एके दिवशी त्याचा फोन आला, "भाईजान, ईदला तुमच्यासाठी बूट पाठवतोय." आम्ही लगेच नंबर सांगितला. तो हसला. म्हणाला, "नंबर नको. दोन्ही पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवा, शेजारी फूटपट्टी ठेवा आणि फोटो पाठवा. आणि हे संध्याकाळी करा, सकाळी नको."

संध्याकाळी अशासाठी की दिवसभराच्या उभ्या कामाने पाय किंचित फुगतो. डोंगर चढताना तो तसाच फुगणार असतो. माप उभं राहून घ्यायचं, बसून नाही. कारण अंगाचा भार पडला की पाय लांबही होतो आणि पसरतोही. आम्ही अंगणात वहीचे दोन कागद ठेवून उभे राहिलो. मुलीने पेन्सिल फिरवली. रेघ पूर्ण झाल्यावर सहज सुचलं म्हणून जुन्या बुटातला सुकतळा काढून त्या चित्रावर ठेवला. लांबी बरोबर बसली. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुकतळ्याच्या चांगलं बाहेर आलं. अंगठ्याचीही तीच गत. म्हणजे इतकी वर्षं आमची करंगळी अनारकलीसारखी भिंतीत चिणलेली होती आणि तिच्यावरच्या कुरपाला आम्ही वयाचा दोष देत होतो.

नेहमीच्या बुटाचा पुढचा भाग मधोमध निमुळता होत जातो. जणू आपलं सर्वांत लांब बोट मध्यभागी आहे. प्रत्यक्षात बहुतेकांचा अंगठा किंवा त्याच्या शेजारचं बोट लांब असतं आणि ते आतल्या बाजूला असतं. कधीच बूट न घातलेल्या लहान मुलाचा पाय पाहा. तो बोटांपाशी सर्वांत रुंद असतो, हाताच्या पंज्यासारखा. मोठ्यांचा पाय पुष्कळदा चवड्यापाशी रुंद आणि बोटांकडे निमुळता दिसतो. तो तसा जन्मत नाही, तसा होत जातो.

बूट आले. खोकं उचललं तेव्हा ते रिकामं असावं असं वाटलं. आमच्या जुन्या चामडी ट्रेकिंग बुटाचा एक पाय किराणा दुकानाच्या काट्यावर साडेसहाशे ग्रॅम भरला होता, हा साडेतीनशे. घोट्याच्या वरपर्यंत येणारा, पण हाताने गुंडाळी करता येईल इतका मऊ. पुढून इतका रुंद की आमच्या एका सहकारी सरांनी त्याला 'बदकाचे पाय' असं नाव ठेवलं. टाचेखाली उंचवटा नाही. टाच आणि चवडा एकाच पातळीवर. तळ पातळ, त्याला खाली लहान लहान दात. या जातीच्या बुटांना इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ 'अनवाणी बूट' असा होतो. ऐकायला विसंगत वाटतं, पण कल्पना सरळ आहे. काटा-काचेपासून पाय वाचवायचा आणि बाकी पायाच्या कामात लुडबुड करायची नाही. अब्बांनी बूट हातात घेऊन वाकवून पाहिला आणि विचारलं, "हा बूट आहे की मोजा?"

मामेभावाने बसवायची रीतही सांगितली होती. ज्यांना असा बूट घ्यायचा असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. सुकतळा बाहेर काढून त्यावर उभं राहायचं. कुठलंही बोट कडेबाहेर जाता कामा नये. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, कारण उतारावर पाय पुढे सरकतो आणि जागा नसली की नखं आपटून काळी पडतात. बूट घालून आत बोटं पसरता आली पाहिजेत. मात्र टाच आणि पायाची वरची बाजू घट्ट धरलेली हवी. पुढे मोकळं, मागे पक्कं. बंद घोट्यापाशी बांधताना टाच मागे दाबून बांधायचे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तो पहिल्याच दिवशी आरामात बसला पाहिजे. "वापरून सैल होईल" ही आशा या बुटात ठेवायची नाही.

पहिल्या दिवशी आम्ही तो घालून गावामागच्या सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. त्या कातळावर लहानपणापासून हिंडलेलो, पण तो असा खडबडीत आहे हे विसरून गेलो होतो. जांभ्याची छिद्रं, मधले बारीक खडे, वाळलेल्या गवताचा मऊपणा, सावलीतला थंडावा हे सगळं तळव्याला कळू लागलं. जाड तळाच्या बुटात जमीन सगळीकडे सारखीच असते. इथे पावलागणिक ती बदलत होती. अर्ध्या तासात चालही बदलली. पूर्वी आम्ही टाच आपटत चालायचो. या बुटात तसं आपटलं की थेट गुडघ्यापर्यंत बातमी जाते. म्हणून पाऊल आपोआप आखूड झालं, टाच हलकी टेकू लागली. कुणी शिकवलं नाही, पायानेच शिकून घेतलं. एखादा टोकदार खडा आला की पाय भार पडण्याआधीच सावरून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी मात्र पोटऱ्या अशा दुखल्या की वर्गात फळ्याकडे वळताना खुर्ची धरावी लागली. हेही मामेभावाने सांगून ठेवलं होतं. टाचेखालचा उंचवटा गेला की टाचेमागची शीर आणि पोटरी यांना जास्त ताणून काम करावं लागतं. पायाचे लहान स्नायू वर्षानुवर्षं बसून असतात, ते एकदम कामाला लागत नाहीत. म्हणून आम्ही दोन महिने तो फक्त शाळेत जाण्यायेण्यापुरता आणि रविवारी सड्यापुरता वापरला. मगच मुलांच्या सहलीला पायात घातला.

सहल रायगडावर होती. रोपवे 1996 पासून आहे, पण मुलांना आम्ही पायऱ्यांनीच नेतो; जिथे 1674 मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तिथे घाम गाळून पोचावं असं वाटतं. पायऱ्या चौदाशेच्या वर आहेत. चढता चढता सातवीच्या मुलांना तोंडी गणित घातलं. 1400 पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक पाय उचलायचा, एका बुटात 300 ग्रॅम जादा वजन, तर एकूण किती जादा उचललं? मुलांनी उत्तर काढलं, 420 किलो. "सर, हे तर चार पोत्यांच्या वर झालं!" पाठीवरच्या वजनापेक्षा पायातलं वजन जास्त दमवतं हे डोंगरातले लोक पूर्वीपासून सांगत आले आहेत. कारण पाठीवरचं ओझं शरीराबरोबर पुढे सरकतं, पायातलं मात्र प्रत्येक पावलाला नव्याने उचलून झोकावं लागतं.

तरीही जड बुटांना नावं ठेवणं आम्हाला पटत नाही. त्यांच्या तळाचीही एक कहाणी आहे. 1935 साली इटलीचे गिर्यारोहक विटाले ब्रामानी यांचे सहा सोबती आल्प्समध्ये मरण पावले. पायातले बूट त्या हवामानाला आणि त्या खडकाला पुरे पडणारे नव्हते, हे त्या दुर्घटनेचं एक कारण मानलं गेलं. 1937 मध्ये ब्रामानी यांनी खोल दातांचा रबरी तळ तयार केला. त्यांच्याच नावावरून व्हिब्रम हे नाव झालं. बर्फात, पाठीवर वीस किलो घेऊन, धारदार दगडांतून चालणाऱ्याला जाड तळ हवाच. आणि हाच व्हिब्रम 2000 नंतरच्या दशकात पाच बोटांचे, हातमोज्यासारखे पातळ बूटही विकू लागला. जागा बदलली की बूट बदलतो.

त्या पातळ बुटांबद्दल पुढे फार मोठमोठे दावे झाले. पाय मजबूत होतात, दुखापती टळतात वगैरे. अमेरिकेत यावर खटला झाला आणि 2014 मध्ये कंपनीने दोष मान्य न करता साडेसदतीस लाख डॉलर देऊन तो मिटवला. 2013 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात, नेहमीच्या बुटांतून दहा आठवड्यांत अशा बुटांकडे वळलेल्या 19 धावपटूंपैकी 10 जणांच्या पायाच्या हाडांच्या आतल्या भागात सूज वाढलेली दिसली. म्हणजे बूट वाईट असं नव्हे, घाई वाईट. वर्षानुवर्षांची सवय दहा आठवड्यांत मोडायला गेलं तर हाड तक्रार करणारच.

आमच्या नानांना यातलं काही माहीत नव्हतं. ते आयुष्यभर टायरच्या वहाणांत डोंगर चढले-उतरले, निम्मं आयुष्य तर तेवढंही पायात नव्हतं. मेक्सिकोच्या डोंगरांतले तारहुमारा लोकही अशाच टायरच्या तळाच्या वहाणा बांधून मैलोन् मैल धावतात हे आम्ही अलीकडे वाचलं तेव्हा नानांची आठवण झाली. नानांचे तळवे लाकडासारखे होते. त्यांना खाली काही लागतच नसेल असं आम्हाला वाटायचं. पण 2019 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात केनियातल्या लोकांवरचा एक अभ्यास आला. अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्याचे घट्टे जाड असतात, पण त्यामुळे तळव्याची संवेदना कमी होत नाही असं त्यात दिसलं. घट्टा पाय राखतो आणि बातमीही पोचू देतो. नाना अंधारातून वाट न चुकता घरी यायचे, ते बहुधा त्या लाकडासारख्या तळव्यांच्या भरवशावर.

हे वाचून दाखवलं तेव्हा अब्बा काही बोलले नाहीत. अब्बांना सोळा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या चार वर्षांत त्यांच्या पायांची जाणीव हळूहळू गेली. एकदा चपलेत खडा अडकला होता आणि ते दिवसभर त्याच चपलेने फिरले. संध्याकाळी अम्मीला फरशीवर रक्ताचा डाग दिसला तेव्हा कळलं. ती जखम भरायला अडीच महिने लागले. आता त्यांच्या पायात डॉक्टरांनी सांगितलेली मऊ एमसीआर रबराची चप्पल असते. आमचा पातळ बूट त्यांच्या कामाचा नाही, उलट धोक्याचा आहे. ज्या पायाला खालचं कळत नाही त्याला जाड आणि मऊ तळच हवा. हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत, कारण आमच्या मोहल्ल्यात मधुमेह घरोघरी आहे आणि 'अनवाणी चाला, साखर उतरते' असं सांगणारेही घरोघरी आहेत. ज्याला साखरेचा आजार आहे त्याने आधी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी.

डॉक्टरांनी अब्बांना रोज पाय पाहायला सांगितलं आहे. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. अब्बा ते वुजूच्या वेळी करतात. वुजूत बोटांच्या मधून करंगळी फिरवायचीच असते. आता ते पाणी फिरवल्यावर फडक्याने बेचक्या कोरड्या करतात, मग हातातल्या छोट्या आरशात तळवा पाहतात. पायाला जे कळत नाही ते डोळ्याने पाहून घेतात. मशिदीत त्यांच्या शेजारी बसून वुजू करताना आमच्या लक्षात आलं की लोकांच्या करंगळ्या किती आत वळलेल्या आहेत. कुणाच्या दोन बोटांमध्ये तर हाताची करंगळी शिरतच नाही. हे एरवी बुटात झाकलेलं असतं.

त्याच रायगडच्या सहलीत उतरताना आमच्या वर्गातली एक मुलगी मागे पडली. वर जाताना ती सगळ्यांच्या पुढे होती. पायात भावाचे जुने बूट, पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला. उतारावर पाय पुढे घसरायचा, बोळा दाबला जायचा आणि अंगठा आपटायचा. आम्ही थांबून विचारलं, पाय दुखतोय का? ती म्हणाली, "सर, पाँव नहीं दुखता, जूता दुखता है." तिने बूट काढून हातात घेतले आणि त्या दगडी पायऱ्या अनवाणी उतरू लागली. पाऊल आधी अलगद टेकवायची, अंदाज घ्यायची, मग भार द्यायची. खालच्या टप्प्यावर ती पुन्हा पुढच्या मुलांत होती. अनवाणीच चालावं असं आमचं म्हणणं नाही. कोकणच्या पावसात चिखलातून लेप्टोसारखे आजार पायाच्या जखमेतून शिरतात, काटे आहेत, काच आहे. मुलांच्या पायात काहीतरी हवंच. पण ते पायापेक्षा वाईट नसावं, एवढंच.

शाळेत परतल्यावर आम्ही सातवीच्या वर्गात चित्रकलेच्या तासाला प्रत्येकाला स्वतःचा पाय कागदावर रेखाटायला लावला आणि त्यावर स्वतःचा बूट ठेवायला सांगितला. वर्गात आधी हशा झाला, मग हळूहळू शांतता. बऱ्याच कागदांवर बुटाच्या बाहेर बोटं उरली होती. काहींचा बूट पायापेक्षा इतका मोठा होता की आत आणखी एक करंगळी मावली असती. ती गरिबीची खूण आहेच. एका जोडीत तीन भावंडं वाढतात. पण ज्यांच्या घरी नवा बूट आला होता त्यांचंही चित्र फारसं वेगळं नव्हतं. नवा होता, पण निमुळता होता.

आपल्या देशातच 1992 मध्ये राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पायांचे ठसे तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण 8.6 टक्के आढळलं, न वापरणाऱ्यांत 2.8 टक्के. पुढून बंद असलेल्या बुटांत ते जास्त, चपला-सँडलमध्ये त्याहून कमी. सपाट पाय हा दर वेळी आजार नसतो, आणि एका अभ्यासाने सगळं ठरत नाही. पण पायाची कमान लहानपणी घडत असते आणि त्या वयात तो कशात कोंडला जातो याचा विचार व्हायला हवा, एवढं तरी त्यातून दिसतं. आपल्या राज्यात 2023 मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे देण्याचा निर्णय झाला. चांगलं पाऊल आहे. त्याबरोबर प्रत्येक शाळेत एक कागद आणि एक पेन्सिल फिरली तर ते पाऊल नीट बसेल.

लंडनच्या त्या बुटांची किंमत आम्ही नंतर विचारली. आपल्याकडचे पंधरा-वीस हजार. असा बूट आमच्या पालकांपैकी कुणी घेणार नाही आणि घ्यावा असंही नाही. त्यातली जी अक्कल आहे ती फुकट आहे. पुढून रुंद, मागून पक्का, तळ वाकणारा, वजनाला हलका, टाचेला उंची नाही. बाजारातल्या साध्या कॅनव्हासच्या बुटांतही शोधलं तर असं पुष्कळसं सापडतं. फक्त दुकानात खोकं उघडण्याआधी सुकतळा मागून घ्यावा लागतो. दुकानदार आधी चमकतो, मग देतो.

त्या मुलीच्या वडिलांना आम्ही तिच्या पायाचा कागद घडी करून दिला. ते मासळी बाजारात काम करतात. कागदाकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "एवढा मोठा पाय झाला हिचा?" दुसऱ्या आठवड्यात ती निळ्या कॅनव्हासच्या बुटात आली. पुढे जागा आहे का म्हणून आम्ही विचारलं, तर तिने बुटाच्या आत बोटं हलवून दाखवली. कापडावरून ती पाचही हलताना दिसली.

जूनमध्ये शाळा उघडतात. वह्या-पुस्तकांच्या यादीबरोबर घरातल्या प्रत्येक मुलाचा पाय एकदा कागदावर उतरवून घ्या. संध्याकाळी, उभं करून, दोन्ही पायांचा. आणि घरात मधुमेहाचं कुणी असेल तर त्याच वेळी त्यांचेही तळवे पाहून घ्या.